दादीची बोली वर्गात यावी

पाचवीच्या मुलांना उर्दूत 'मेरा गाँव' हा निबंध लिहायला दिला, की बहुतेक वह्यांत एकच गाव उमटते. त्या गावात बाग असते, बागेत गुलाब असतात, गुलाबावर बुलबुल असतो आणि पहाटेची मंद हवा वाहत असते. गाव सुंदर असते, भाषा शुद्ध असते. फक्त ते उंब्रज नसते. उंब्रजला कृष्णा आणि तारळीचा संगम आहे. पुणे-बंगळूर महामार्ग गावाला लागून जातो. शिवारात ऊस आहे, आले आहे, सोयाबीन आहे. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरून जातो. मुलांना हे दिसत नाही असे नाही. ती त्या उसाच्या मागे पळतात, कांडे ओढून खातात. पण उर्दूत लिहायचे म्हणजे हे लिहायचे नसते, अशी त्यांची पक्की समजूत झालेली आहे. गुलाब निबंधात शोभतो, ऊस शोभत नाही.

ही समजूत मुलांच्या मनात कुणी एका शिक्षकाने घातलेली नाही. ती पुस्तकातून, परीक्षेतून, स्नेहसंमेलनातल्या भाषणांतून आणि घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यातूनही हळूहळू उतरते. त्यातूनच पुढचा प्रश्न उभा राहतो. सातारा-सांगलीकडच्या उर्दू शाळेत शिकणाऱ्या मुलाची संस्कृती कोणती? दिल्ली-लखनौची? अरबस्तानातली? की त्याच्या घरातली, जिथे दादी भाकरी थापते, चाचा म्हशीची धार काढतात आणि सगळे घर 'मेरेकू होना', 'नक्को', 'कायकू' असे बोलते?

या बोलीला आपण 'बिघडलेली उर्दू' म्हणतो. मुलगा वर्गात 'मेरेकू नईं आता' म्हणाला की पुढच्या बाकावरची मुले हसतात. मुंबईचे पाहुणे आले की आईच मुलाला डोळ्यांनी दटावते, 'ठीक से बोल'. आमच्या पिढीनेही शाळेत हेच ऐकले. 'मेरेकू' खोडून 'मुझे' लिहायचे एवढेच आम्हाला सांगितले गेले. 'मेरेकू' कुठून आले, हे कुणी सांगितले नाही.

वास्तविक ही बोली बिघडलेली नाही, ती जुनी आहे. उत्तरेत उर्दू शायरी बहरण्याच्या कितीतरी आधी बहमनी, आदिलशाही आणि कुतुबशाही मुलखात दखनीत ग्रंथ लिहिले जात होते. विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशहा (कारकीर्द १५८० ते १६२७) याने 'किताब-ए-नवरस' हा गीतसंग्रह दखनीत रचला आणि त्यात सरस्वतीला वंदन केले. विजापूरच्या सूफींनी चक्कीनामे आणि चरखानामे लिहिले. जात्यावर दळताना आणि चरख्यावर सूत काढताना बायकांनी म्हणायची ती गाणी होती. ज्या बाईला मदरशाचे दार उघडे नव्हते, तिच्या जात्यापाशी या बुजुर्गांनी शिक्षण नेऊन ठेवले. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायका दळताना अल्ला-रसूलचे नाव घेत गात असत, ती याच वाटेवरची गोष्ट आहे. वली दखनीचे दीवान अठराव्या शतकात दिल्लीला पोचले, तेव्हा तिथल्या फारसीत लिहिणाऱ्या शायरांना आपल्या बोलीत लिहिण्याची उमेद आली. म्हणजे ज्या बोलीची आज आपल्याला लाज वाटते, तिच्या अंगणातून उर्दू शायरी दिल्लीला गेली.

शिवाय ही बोली मराठीच्या मांडीवर वाढलेली आहे. 'नक्को' हा मराठी 'नको'. 'ऐसाच', 'आजच' यातला 'च' सरळ मराठीचा. दिल्लीवाला 'ही' म्हणेल तिथे आमचा मुलगा 'च' म्हणतो. उलट बाजूनेही देवघेव झाली आहे. शेतकऱ्याच्या तोंडचे खरीप आणि रब्बी हे शब्द अरबी आहेत. जिल्हा, तालुका, तहसीलदार, वकील, अर्ज, हुकूम, दप्तर, कागद, दुकान ही यादी कितीही लांबवता येईल. माधव जूलियन म्हणजे प्रा. मा. त्रिं. पटवर्धन यांनी १९२५ मध्ये 'फारसी-मराठी कोश' सिद्ध केला तो याच देवघेवीचा हिशेब आहे. सातबाऱ्याचा उतारा हातात घेऊन त्यातले अरबी-फारसी शब्द शोधायला मुलांना सांगितले, तर भाषेचा आणि इतिहासाचा तास एकाच कागदावर होतो.

बी.एड.ला आपण सगळे एक सूत्र पाठ करतो, 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे'. परीक्षेत त्यावर टीप लिहितो. पण उर्दू माध्यमात मुलाचे ज्ञात म्हणजे काय, हे विचारायचे राहून जाते. त्याला दखनी येते, कानावर मराठी आहे. प्रमाण उर्दू त्याच्यासाठी अज्ञात आहे, प्रमाण मराठीही बरीचशी अज्ञात आहे. दोन्हीकडे जाणारी वाट दखनीतून जाते. तीच वाट आपण बंद करतो आणि मग मुलाला ना उर्दू धड येते ना मराठी, म्हणून तक्रार करतो. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. आमच्या मुलांना तिचे ओझे वाटण्याचे कारण नाही. 'नक्को' म्हणणारे मूल अर्धी वाट आधीच चाललेले असते. कुणीतरी ते त्याला सांगायला हवे.

या संदर्भात मला दूरच्या एका बेटाचे उदाहरण फार मोलाचे वाटते. हवाई हे नाव आपल्याकडे पुष्कळांना हवाई गिटारमुळे ठाऊक आहे. प्रशांत महासागरातल्या या बेटांवर एकेकाळी स्वतंत्र राज्य होते. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथवण्यात आली. १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले आणि १८९८ मध्ये अमेरिकेने ही बेटे ताब्यात घेतली. शाळेत घरची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाल्याच्या आठवणी त्या पिढीतल्या माणसांनी सांगून ठेवल्या आहेत. शिक्षा झालेल्या मुलांनी आई-बाप झाल्यावर आपल्या मुलांशी ती भाषा बोलणे सोडले. अशी दोन-तीन पिढ्यांत घराघरातली भाषा आटत गेली.

पुढे लोक जागे झाले. १९७८ मध्ये तिथल्या राज्यघटनेत दुरुस्ती होऊन इंग्रजीच्या जोडीने हवाईयन ही राज्याची अधिकृत भाषा झाली. सरकारी शाळांत हवाईची संस्कृती, इतिहास आणि भाषा शिकवणे ही राज्याची जबाबदारी ठरली. त्या कलमात आणखी एक गोष्ट आहे आणि शिक्षक म्हणून मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. हे शिक्षण देताना समाजातल्या जाणत्या माणसांची मदत घ्यावी, असे तिथे सांगितले आहे. त्यानुसार १९८० पासून प्राथमिक शाळांत 'कुपुना' येऊ लागले. कुपुना म्हणजे आजी-आजोबा, वडीलधारी माणसे. त्यांच्या हाती पदवीचा कागद असेलच असे नव्हते, पण भाषा त्यांच्या जिभेवर होती आणि कला हातात होती. १९८४ मध्ये 'पूनाना लेओ' म्हणजे भाषेचे घरटे या नावाने हवाईयन माध्यमाची बालवाडी निघाली. १९८६ मध्ये माध्यमावरचा जुना निर्बंध उठला आणि १९८७ पासून सरकारी शाळांत हवाईयन माध्यमाचे वर्ग सुरू झाले. हवाईत आज मूळ हवाईयन लोक अल्पसंख्य आहेत. जपानी, फिलिपिनो, चिनी, गोरे अशा अनेक वंशांची मुले एका वर्गात बसतात. तरीही त्या मातीची संस्कृती सर्वांना शिकवली जाते, कारण सगळी मुले त्या मातीवर राहतात.

आपली स्थिती त्यांच्यासारखी नाही. दखनीवर कुणी कायदा करून बंदी घातलेली नाही. उर्दू शाळा सरकारी खर्चाने चालतात, 'बालभारती'ची पाठ्यपुस्तके उर्दूत निघतात. घटनेच्या २९ व्या कलमाने आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जपण्याचा हक्क दिला आहे आणि ३५० 'अ' कलमाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला राज्यांना सांगितले आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात शाळेतले ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडावे हे पहिलेच मार्गदर्शक सूत्र आहे. म्हणजे दार कुणी लावलेले नाही. आपल्याकडे बोली आटते आहे ती हसण्यामुळे. पुढच्या बाकावरचे हसणे थांबवायला शासनाचा आदेश लागत नाही, शिक्षकाचा एक शब्द पुरतो.

शिकवायला काय आहे, असे कुणी विचारले तर उत्तरासाठी फार लांब जावे लागत नाही. मिरजेचे तंतुवाद्य घ्या. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या फौजा आणि हत्यारे कमी झाली, तेव्हा मिरजेच्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी सतार आणि तानपुरा बनवण्याकडे हात वळवला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि मिरजेच्या मुसलमान कारागिराचा हात यांतून तयार झालेल्या तानपुऱ्यावर देशभरचे गवय्ये सूर लावतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तलवारीला धार लावणाऱ्या घराण्याने पोट भरण्यासाठी सुराचा धंदा धरला, याहून चांगला धडा चौथी-पाचवीच्या मुलाला कोणता द्यायचा?

त्याच मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२ ते १९३७) तिथे गात आणि त्यांची कबरही तिथेच आहे. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य आणि हिराबाई बडोदेकर त्यांच्या कन्या. त्यांच्या स्मरणार्थ उरुसाच्या वेळी दर्ग्याच्या आवारात संगीतसभा होते. सांगली जिल्ह्यातच कडेगाव आहे. तिथले मोहरमचे उंच ताबूत पाहायला दूरदूरचे लोक येतात. ते 'आधी कळस, मग पाया' अशा उलट्या क्रमाने बांधले जातात आणि ते उचलायला हिंदू-मुसलमान दोघांचेही खांदे लागतात. बांबूच्या कामट्यांनी अष्टकोनी मजले कसे रचतात, हे त्या कारागिराने फळ्यापाशी उभे राहून सांगितले, तर भूमितीच्या चार तासांचे काम एका तासात होईल.

साहित्यातही तेच. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' मराठीत आहे. रा. चिं. ढेरे यांनी १९६७ मध्ये 'मुसलमान मराठी संतकवी' हे पुस्तकच लिहिले. शाहीर अमर शेख बार्शीचे. महानुभाव आणि संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण १९९० मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. या अंकाच्या वाचकांना ही नावे नवी नाहीत. पण आमच्या उर्दू वर्गातल्या मुलांना विचारा. त्यांना इक्बाल आणि गालिब माहीत असतात, ते असायलाच हवेत. शेख महंमद माहीत नसतात.

शनिवारच्या शेवटच्या तासाला आम्ही एक लहानसा प्रयोग करतो. २०२४ पासून शाळांत 'आनंददायी शनिवार' आला, त्यामुळे वेळेची अडचण थोडी कमी झाली. मुलांनी आपल्या घरातले किंवा मोहल्ल्यातले एक वडीलधारे माणूस वर्गात आणायचे. पहिल्यांदा एका मुलीची दादी आली. दारातच थांबली. म्हणाली, "मेरेकू लिखना-पढना नईं आता बेटा, मय क्या सिखाऊं?" तिला खुर्ची दिली तर ती जमिनीवर बसली. मग मुलेही बाकांवरून उतरून तिच्याभोवती बसली. लग्नाच्या हळदीला म्हणायची दोन गाणी तिने म्हटली, तान्ह्या मुलाला निजवायचे एक म्हटले. गाणी दखनी होती, मधूनमधून एखादी ओळ चक्क मराठी. मुलांनी ती उर्दू लिपीत लिहून घेतली. ऐकलेले लिहायचे म्हणताना त्यांना हिज्ज्यांचा विचार करावा लागला, एकेका शब्दावर वाद झाले. शुद्धलेखनाचा इतका जिवंत तास मी घेतलेला नाही. पुढच्या आठवड्यात मुले तिला 'टीचर दादी' म्हणू लागली.

नंतर एक म्हातारे पिंजारी चाचा आपले जुने पिंजण घेऊन आले. तात कशी बांधतात, कापूस कसा फुलतो, गावोगाव फिरताना कोणत्या घरी मुक्काम असे, हे त्यांनी सांगितले. त्यांनी तात छेडली तेव्हा आवाज कशामुळे येतो, यावर विज्ञानाची गाडी गेली. शेवटी एका मुलाने विचारले, "चाचा, अब ये काम कोन करता?" ते म्हणाले, "कोई नईं. गाद्यां मशीनपर बनते." वर्ग थोडा वेळ गप्प होता. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया एवढेच नाही, हे त्या मुलांना तेव्हा कळले असावे.

हे सगळ्यांना रुचले असे नाही. एका मुलीचे वडील भेटायला आले. "मॅडम, छोरी कू डॉक्टर बनाने का है. ये पिंजारी-बिंजारी कायकू?" त्यांचा राग मी समजू शकते. ज्या धंद्याने बापाच्या पाठीचा कणा मोडला, तो मुलीच्या वहीत पुन्हा येऊ नये असे त्यांना वाटले. मी म्हटले, "भाई, मुलगी डॉक्टर होईलच. पण तिच्या दवाखान्यात उद्या अशीच एखादी दादी येईल. तिच्या बोलीत तिचे दुखणे समजून घेणारा डॉक्टर तिला लागेल ना?" ते हसले. पटले की नाही ठाऊक नाही, पण मुलीला त्यांनी पुढच्या शनिवारी पाठवले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उरुस, ताबूत, हळदीची गाणी यांतल्या काही गोष्टी दीनला धरून नाहीत, त्या शाळेत का आणता, असे काही जाणती माणसे विचारतात. त्यांच्या शंकेचा मी आदर करते. दर्ग्यावर काय करावे आणि काय करू नये हे शिकवणे शाळेचे काम नाही. ते घराचे आणि मदरशाचे काम आहे. पण ताबूत कसा बांधतात हे शिकणे म्हणजे ताबुताला मानणे नव्हे, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात कोणते उस्ताद गात हे ठाऊक असणे म्हणजे नवस बोलणे नव्हे. भाषेबद्दल तर शंकेला जागाच नाही. माणसांच्या भाषांचे आणि रंगांचे वेगळेपण ही अल्लाहच्या निशाण्यांपैकी एक आहे, असे सूरह अर-रूममध्ये सांगितले आहे. मग दादीची बोली ही निशाणी नाही काय?

तिसरा मुद्दा आपल्यापुरता नाही. सातारा-सांगलीतली पुष्कळ मुसलमान मुले मराठी शाळांत शिकतात आणि त्यांच्या शेजारच्या बाकावर इतर समाजांची मुले बसतात. त्यांनाही हे कळायला हवे. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री आमच्याच जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमांवरच्या मजकुराचे निमित्त झाले, जमावाने मशिदीवर हल्ला केला आणि एका तरुणाचा जीव गेला. एखादा धडा शिकवला असता तर हे टळले असते, असा भाबडा दावा मी करणार नाही. पण त्यानंतर वर्गात मुलांनी मला जे विचारले ते मी विसरू शकत नाही. "मॅडम, वो लोगां बोलते, तुम बाहर के हैं. अपन कहाँ से आये?"

आज या प्रश्नाचे उत्तर मुलांना मोबाइल देतो. एक चित्रफीत सांगते की तुम्ही परके आहात. दुसरी सांगते की तुमची मुळे अरबस्तानात आहेत आणि इथले सगळे सोडून द्या. दोन्ही चित्रफितींचा अर्थ एकच होतो, तू इथला नाहीस. या दोन्हींना उत्तर देणारी माणसे घरातच बसली आहेत. जात्यावर गाणारी दादी आहे, पिंजण वाजवणारे चाचा आहेत. गावगाड्यात मान असलेला मुलाणी आहे, बाजारातले बागवान, आतार, तांबोळी आहेत. ती इथली आहेत, म्हणून मूल इथले आहे. हे त्याला भाषणातून पटत नाही. दादीला वर्गात खुर्ची मिळते, सर उठून तिला सलाम करतात, तिचे गाणे वहीत लिहिले जाते, तेव्हा ते पटते.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. प्रमाण उर्दू शिकवायचीच, मराठी चांगली शिकवायचीच, इंग्रजी आणि गणितात कसूर करायची नाही. पण आठवड्यातला एक तास या मातीतल्या मुसलमानांच्या बोलीला, हुन्नराला आणि इतिहासाला द्यावा. उर्दू शाळांनी द्यावा आणि मराठी शाळांनीही द्यावा. पाठ्यपुस्तक मंडळाने पुढच्या पुस्तकांत एक पान दखनीचे ठेवावे. तोपर्यंत मुलांनी जमवलेली गाणी, शब्द आणि धंद्यांची माहिती हेच आपले पुस्तक समजावे. मुलाला 'मुझे' जरूर शिकवावे, पण 'मेरेकू'वर लाल रेघ मारू नये. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत आणि कोणता कुठे वापरायचा ते सांगावे.

आणि हे लौकर करायला हवे. पाठ्यपुस्तक पाच वर्षांनी आले तरी चालेल, माणसे मात्र थांबत नाहीत. आपल्या घरी, शेजारी, मोहल्ल्यात ज्यांना जात्यावरची गाणी येतात, ज्यांनी पिंजण, भाता किंवा माग चालवला आहे, अशा वडीलधाऱ्यांची नावे वाचकांनी या आठवड्यातच जवळच्या शाळेला कळवावीत. शिक्षकांनी त्यांना बोलवावे. ती म्हणतील, आम्हाला लिहिता-वाचता येत नाही. त्यांना सांगावे, लिहिण्याचे काम मुले करतील.